धारपांची चाळणी

गायकानं शेवटची तान संपवली आणि काचेपलीकडून मोठ्या आशेनं इकडे पाहिलं. अच्युत धारपांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी 'मिटवा' हे बटण दाबलं. समोरच्या पडद्यावर तबल्याचा पट राहिला, पेटीचा पट राहिला, तानपुऱ्याचाही राहिला. गायकाच्या पटावरची लाट मात्र धुऊन काढल्यासारखी नाहीशी झाली.

"गेला," धारप समाधानानं म्हणाले. "सांग त्याला, की गाण्यातलं गाणं तेवढं वगळलं तर बाकी बरं झालंय."

पूर्णिमा वाघचौरेनं बोलण्याचं बटण दाबलं. "दादा, छान झालं. एकदा परत घेऊ या, हं. पाणी प्या थोडं."

धारपांच्या बोलण्याचं माणसांच्या भाषेत रूपांतर करणं हे तिचं निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं म्हणजे पट उघडणं, आवाजाच्या पातळ्या सांभाळणं आणि टेक मिटवणं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या या स्टुडिओत तिची कित्येक वर्षं त्यातच गेली होती.

धारपांना माणसं आवडत नसत असं नाही. माणसांनी तोंड उघडलेलं आवडत नसे. गायक त्यांना कचरा वाटत, संगीतकार उकिरडा वाटत, आणि जे आपलं गाणं फोनवर मुद्रित करून 'जरा स्वच्छ करून द्या' म्हणत येत, त्यांना तर ते जिन्यावरूनच परत पाठवत. लग्न त्यांनी केलं नव्हतं. करणार कोणाशी? सगळ्याच जरा बेसूर. ही सगळी तुच्छता नुसती मनात ठेवली तर वाया जाईल, म्हणून त्यांनी तिचं यंत्र बनवलं होतं. त्या बहुपट अंकीय ध्वनिमुद्रकाचं नाव होतं 'चाळणी', आणि देशभरातून लोक ती वापरायला इथे येत. शिव्या खाऊन जात, पण मुद्रण असं घेऊन जात की त्यात खडा सापडायचा नाही.

गायक दुसऱ्या टेकची तयारी करत होता तेवढ्यात डॉ. रेहाना मुजावर आल्या. धारपांच्या घशातली गाठ डॉक्टरांच्याच रुग्णालयात सापडली होती. स्वरयंत्र काढावं लागणार हे ठरलं होतं आणि पुढची जबाबदारी त्यांच्या स्वरपुनर्वसन विभागाकडे होती.

"धारपसाहेब, शस्त्रक्रिया परवा. त्याआधी तुमचा स्वरनमुना घ्यायलाच हवा," त्या म्हणाल्या. "आमच्या मुद्रणकक्षात उद्या या."

"तुमच्या कक्षात मी येऊन गेलोय. पंखा पंचम धरून बसलाय तिथला. गळा गेल्यावर निदान आवाज तरी धड राहू दे माझा. इथेच घेऊ, चाळणीवर."

"ही चाळते कशी, ते तरी कळू द्या."

धारपांना हा प्रश्न फार आवडे. त्यांनी आपला हेडफोन उचलून दाखवला. कानाच्या गादीला गालाकडच्या बाजूनं एक मऊ जीभ होती. "तुम्ही डॉक्टर. माणूस नाक मुरडतो तेव्हा काय होतं?"

"वरचा ओठ आणि नाकपुडी उचलणारा स्नायू आकसतो. पुष्कळदा माणसाला स्वतःला कळतही नाही."

"कळत नाही तेच बरं. कळलं की माणूस सभ्यपणा करतो. या जिभेतले संवेदक त्या स्नायूतले विद्युतस्पंद पकडतात. त्याला मी अरुचिस्पंद म्हणतो. कोणता पट कोणत्या क्षणी कानात वाजत होता आणि कोणत्या क्षणी स्पंद उमटला, याचा यंत्र मेळ घालतं. टेक मिटवला की हेडफोन घातलेल्यानं ज्या ज्या आवाजाला नाक मुरडलं, तो तो आवाज त्याच्या पटावरून जातो. माणसाची जीभ खोटं बोलते, डॉक्टर. नाक बोलत नाही."

"आणि गेलेलं परत हवं असलं तर?"

"त्याला इथे विसर्जन म्हणतात," धारप म्हणाले, "आणि या विसर्जनात पुनरागमनाय च म्हणायची पद्धत नाही. बाकीची यंत्रं गेलेलं सगळं पोटात धरून बसतात. मग गायक रडतो, निर्माता पाघळतो आणि कचरा परत ताटात येतो. मी त्यावर शून्यं लिहून टाकतो."

डॉक्टरांनी पूर्णिमाकडे पाहिलं. पूर्णिमा हळूच म्हणाली, "सर, उद्यापुरतं शेजारी एक साधं यंत्र लावू का? राहील आपलं, असावं म्हणून."

"लाव की. आणि गळ्यात एक ताईतपण बांध माझ्या."

विषय तिथे संपला. डॉक्टरांनी मग पुढचं समजावलं. शस्त्रक्रियेनंतर धारपांच्या मानेला एक कंठपट्टी बसेल. जिभेच्या आणि ओठांच्या हालचाली वाचून ती बोलेल, आणि ज्याचा स्वरनमुना तिच्यात भरला असेल त्याच्या आवाजात बोलेल. नमुना तासाभराचा आणि निर्मळ हवा. तो नसला तर कारखान्यातून आलेला तयार आवाज वापरावा लागतो.

"ऐकवा तो," धारप म्हणाले.

डॉक्टरांनी फोनवर ऐकवला. धारपांचा चेहरा कडू झाला. "हा तर स्टँडवर गाडी लागल्याचं सांगणारा माणूस! या आवाजात मी कोणाला नालायक म्हटलं तर तो फलाट क्रमांक विचारेल. त्यापेक्षा मुका राहीन."

हे ते गमतीनं बोलत नव्हते, आणि खोलीतल्या दोघींनाही ते कळलं. या माणसाकडे घरदार, गोतावळा काही नव्हतं. जे होतं ते बोलणं होतं.

"तुमचा जुना आवाज कुठेतरी असेलच की," डॉक्टर म्हणाल्या. "मुलाखत, एखादा समारंभ?"

"नाही. मुद्रण करणाऱ्याचा आवाज मुद्रणात ऐकू येणं म्हणजे पंगतीच्या भातात आचाऱ्याचा केस निघणं. प्रत्येक टेकच्या आधी मी गाण्याचं नाव आणि टेकचा आकडा बोलतो, तेवढंच. तेही ही गुणाची पोर आपणहून काढून टाकते. शिकवावं लागलं नाही." त्यांनी चाळणीच्या पाठीवर कौतुकानं थाप मारली. पूर्णिमाच्या पाठीवर अशी थाप कधी पडली नव्हती.

पूर्णिमा मुळात या स्टुडिओत गायला आली होती. एक भावगीत तिनं जीव ओतून गायलं. धारपांनी हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाले, "शाळेतल्या प्रार्थनेचा आवाज आहे. त्यावर पोट भरायचं नाही. पट हलवायला शिक." ती शिकली. तिचा तो टेक मात्र चाळणीनं जसाच्या तसा ठेवला होता, आणि तिनं भीत भीत तसं सांगितल्यावर धारप म्हणाले होते, "यंत्र नवीन आहे. सर्दी झाली असेल त्याला." तेव्हापासून ती स्टुडिओत गुणगुणतसुद्धा नसे.

दुसऱ्या दिवशी मुद्रणाला बसले. वाचून बोललं की माणूस वाचल्यासारखा बोलतो, म्हणून डॉक्टरांची पद्धत अशी होती की एकानं वाक्य सांगायचं आणि दुसऱ्यानं ते ऐकून आपल्या तऱ्हेनं म्हणायचं. सांगायला पूर्णिमा बसली. तिच्यासमोर माईक, म्हणून तिलाही एक पट. हा धारपांचा नियम होता आणि तो त्यांनी आजही मोडला नाही. कानांवर हेडफोन चढवून ते काचेपलीकडे जाऊन बसले.

"आज बाजारात ताजी मेथी आली आहे," पूर्णिमा म्हणाली.

"आज बाजारात ताजी मेथी आली आहे," धारप म्हणाले, आणि मेथी विकणाऱ्याची लायकी काढल्यासारखे म्हणाले.

दोन्ही पटांवर लाटा उमटत गेल्या. आनंदाची वाक्यं झाली, प्रश्न झाले, हाका झाल्या. धारप प्रत्येक वाक्य असं बोलत होते की ऐकणाऱ्याला आपलं काहीतरी चुकलं असं वाटावं. शेवटी शेवटी त्यांचा घसा दुखायला लागला, तरी ते थांबले नाहीत.

"एकदा ऐकून बघता?" पूर्णिमानं विचारलं.

"गायक ऐकतात परत परत. त्यांना आपल्यावर भरवसा नसतो." त्यांनी काचेच्या अलीकडे येऊन 'मिटवा' दाबलं. तासाभराचा टेक चाळायला यंत्राला वेळ लागणार होता, आणि रुग्णालयात भरती व्हायची वेळ झाली होती. चाळून झालं की नमुना आपोआप डॉक्टरांकडे जाईल अशी व्यवस्था करून पूर्णिमा त्यांची पिशवी घेऊन खाली उतरली. रिक्षात बसेपर्यंत त्यांनी रिक्षावाल्याच्या हॉर्नला नावं ठेवली. भुलीची सुई देणाऱ्या डॉक्टरांना ते काय म्हणाले ते नंतर कोणी सांगितलं नाही, पण त्या आवाजातले ते शेवटचे शब्द होते.

जखम भरल्यावर कंठपट्टी बसवायचा दिवस आला. डॉ. मुजावरांच्या खोलीत धारप मानेला पट्टी बांधून ताठ बसले होते. हातात लिहायची पाटी होती. डॉक्टरांनी नमुना उघडला आणि पडदा धारपांकडे वळवला.

"धारपसाहेब, पहिला पट रिकामा आहे."

पूर्णिमा उठून पुढे आली. पहिल्या पटावर नुसती सरळ रेघ होती. दुसऱ्या पटावर एकापाठोपाठ एक लाटा होत्या, एकही वाक्य गळलेलं नव्हतं. डॉक्टरांनी वाजवून पाहिलं. "आज बाजारात ताजी मेथी आली आहे," पूर्णिमाचा आवाज म्हणाला, आणि त्यानंतर मुद्रणात कोणीच काही म्हणालं नाही.

धारपांनी पाटीवर लिहिलं, 'यंत्र बिघडलं.'

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांना आता सगळं दिसत होतं. "आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून येतो आणि कवटीच्या हाडांतूनही येतो. हाडं त्यात खर्ज मिसळतात. मुद्रणात तो खर्ज नसतो. म्हणून स्वतःचा मुद्रित आवाज ऐकला की बहुतेक माणसांना तो परका, किरटा वाटतो. तुम्ही कानांत तोच ऐकत होतात. वाक्यागणिक नाक मुरडलंत. तुमच्या यंत्रानं तुमचंच ऐकलं."

धारपांचा हात पाटीवर थांबला. गाण्याचं नाव आणि टेकचा आकडा. इतकी वर्षं ती गुणाची पोर काय काढून टाकत होती ते त्यांना आता कळलं.

"आणि माझा आवाज?" पूर्णिमानं विचारलं. तिचा स्वर चढला होता. "तो कसा राहिला? तो तर शाळेतल्या प्रार्थनेचा ना, सर?"

उत्तर धारपांनीच डॉक्टरांना पूर्वी सांगून ठेवलं होतं, जिभेबद्दल आणि नाकाबद्दल.

"म्हणजे तेव्हाही यंत्राला सर्दी झाली नव्हती," पूर्णिमा म्हणाली. "तुम्हाला माणूस हवा होता पट हलवायला. सरळ सांगायचं होतं. मी इतकी वर्षं न्हाणीघरातसुद्धा गायले नाही, सर! एवढ्या जगाला नावं ठेवलीत आणि जे एक आवडलं त्यालाही ठेवलीत. काय म्हणावं ओ तुम्हाला?"

तिनं धारपांकडे ज्या नजरेनं पाहिलं ती त्यांच्या ओळखीची होती. आजवर ती फक्त त्यांच्याच बाजूनं जात असे. त्यांनी मान खाली घातली.

या खोलीतलाही पंखा पंचम धरून फिरत होता. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "आता दोनच वाटा आहेत. तयार आवाज, नाहीतर हा नमुना. पण हा वापरायचा तर पूर्णिमाताईंची परवानगी लागेल."

धारपांनी पाटी पुसली. त्यांनी लिहायला सुरुवात केली, पुसलं, पुन्हा लिहिलं. पाटीवर शेवटी एवढंच होतं: 'देशील?'

पूर्णिमानं पाटी त्यांच्या हातातून घेऊन खाली ठेवली. "देते," ती म्हणाली. "पण माझ्या आवाजात कोणाला कचरा म्हणायचं नाही."

धारपांनी मान हलवली. एवढी मोठी किंमत त्यांनी कशालाच मोजली नव्हती.

पुढच्या आठवड्यात स्टुडिओ उघडला. काचेपलीकडे तोच तरुण गायक उभा होता. बिचारा अजून आशा धरून होता. धारप नसताना सगळं काम पूर्णिमानं चालवलं होतं, म्हणून हेडफोन तिच्याच कानांवर होता. धारप सवयीनं माईकपाशी वाकले, ओठ हलले, आणि कंठपट्टीतून पूर्णिमाच्या गोड, स्वच्छ आवाजात शब्द आले, "भावगीत, टेक एक."

हेडफोनमधून तो आवाज पूर्णिमाच्या कानांत पोचला. हा माझा? इतका पातळ? तिचा ओठ कधी वर गेला ते तिला कळलंही नाही. गायक गाऊन थांबल्यावर तिनं टेक मिटवला, आणि पडद्यावर सुरुवातीची ती छोटी लाट हलकेच पुसली गेली. गायकाची मात्र राहिली.

धारपांनी ते पाहिलं. ते उठले, पूर्णिमाच्या मागे गेले आणि दोन्ही हातांनी हेडफोन तिच्या कानांवरून काढून घेतला.

"इकडे आण तो," ते तिच्याच आवाजात खेकसले. "चांगला आवाज कशाला म्हणतात ते तुला कळत नाही."

हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवून ते पुन्हा माईकपाशी वाकले. "भावगीत, टेक दोन," ते म्हणाले. गाणं झालं, टेक मिटला. पूर्णिमा पडद्याकडे बघत होती. छोटी लाट होती तिथेच राहिली.