नवानंतरचे दहा

रेवा त्या दुकानात शिरली ती निव्वळ योगायोगाने. खारघरच्या कॉलेजात गणित शिकवणारी ही मुलगी प्रदर्शनाचा बॅनर छापायला पनवेलला आली, तर नेहमीचं दुकान बंद. म्हणून लाइन आळीतच शेजारच्या दारात डोकावली. आत स्वानंद होता. त्याने तिच्या कागदावरची वीस आकडी संख्या पाहिली आणि गंभीरपणे विचारलं, "हा कोणाचा नंबर?"

१२३४५६७८९१०९८७६५४३२१. एकपासून दहापर्यंत चढायचं, मग तसंच खाली उतरायचं. एवढी लांबलचक, तरी मूळ संख्या! एक आणि ती स्वतः, बाकी कशानेच तिला भाग जात नाही, हे सांगताना रेवा अशी काही रंगली की दोघांचाही चहा निवून गेला.

मग ती रंग ठरवायला आली. मग अक्षरांचा आकार बघायला. बॅनरमध्ये एवढं काय बघायचं असतं हो? पण जीव जडला होता, त्याला ती तरी काय करणार! आज बॅनर मिळणार, म्हणजे यायचं निमित्त संपणार... सकाळपासून तिला चैन नव्हती.

स्वानंदने बॅनर उलगडला.

"यातले दहा कुठे गेले?"

"काढले. मधे दोन आकडे आले की तोल जात होता. आता बघा, नऊवर कसं ऐटीत शिखर बसलंय."

"अहो शहाणे, ही आता मूळ संख्याच राहिली नाही. अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकराला त्याच संख्येने गुणा... हीच येते."

त्याचा चेहरा पडला. "तासाभरात दुसरा देतो, मॅडम."

आणखी एक तास! रेवाला मनातून कोण आनंद झाला. तरी रुसल्यासारखं करून ती काउंटरपाशी बसली, आणि तिथला एक कागद तिच्या नजरेस पडला. वरपासून खालपर्यंत हाताने केलेले भागाकार. तीन, सात, अकरा, तेरा... थेट सत्त्याण्णवपर्यंत.

"हे काय?"

स्वानंदचे कान लाल झाले. "तुमचीच संख्या. दहासकट. कशानेच भाग जात नाही म्हणालात, म्हणून... रोज जेवणाच्या सुट्टीत दोन-तीन करून बघतो."

"वेडे आहात. खात्री करायची तर साडेतीनशे कोटींपर्यंत जावं लागेल. जन्म पुरायचा नाही."

"मला घाई नाही," तो हळूच म्हणाला. "तुम्ही येत राहा, म्हणजे झालं. मला तुम्ही आवडता... रेवा."

मॅडम नाही, रेवा. तिने त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि सत्त्याण्णवच्या खाली एकशे एक लिहिलं. दोघं कागदावर वाकले. तो आकडे उतरवत होता, ती चुका काढत होती. शेवटी बाकी उरली एकोणीस.

"नाही गेला भाग," स्वानंद सुटकेचा श्वास टाकत म्हणाला.

"जायचा नाहीच," रेवा म्हणाली. "उद्या एकशे तीन. डबा घेऊन येते."