डाव्या बाजूनं बोललेलं

"ते घेऊ नका. त्यात कुत्रा मरतो."

बिट्टीनं दचकून मागं पाहिलं. पुस्तकांच्या दुकानात नव्या कादंबऱ्यांसमोर ती कितीतरी वेळ उभी होती. हातात तीन जाडजूड पुस्तकं आणि चेहरा भलत्याच विषयाचा अभ्यास करून परीक्षेला आल्यासारखा. मागे एक उंच, शेलाटा माणूस उभा होता. गळ्यात हेडफोन आणि चेहऱ्यावर खरीखुरी काळजी.

"कुत्रा?"

"जग बुडतं, ते ठीक आहे हो. माणसांनी आपल्या हातानं बुडवलेलं असतं. पण कुत्र्यानं कुणाचं काय घोडं मारलं होतं?"

ती इतक्या मोठ्यानं हसली की गल्ल्यावरच्या बाईंनी मान वर केली.

बिट्टी हे तिचं घरचं नाव, पण साप्ताहिकाच्या कचेरीतही तेच चिकटलं होतं. ती तिथं घरसजावटीचं पान बघायची. पुस्तकांचं पान बघणारी मैत्रीण बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि संपादकबाईंनी एक लेख हिच्या गळ्यात मारला : उद्याच्या बिघडलेल्या जगांवरच्या नव्या कादंबऱ्या, वाचाव्यात अशा. पडद्यांच्या रंगांवर हवं तेवढं लिहिलं असतं तिनं! पण हे? सकाळच्या वर्तमानपत्राचं पहिलं पानसुद्धा ती न वाचताच उलटायची. वर पदरचे पैसे घालून आणखी घाबरायचं कशाला?

"मग वाचण्यासारखं कुठलं?" तिनं विचारलं.

त्यानं एक निळं पुस्तक काढलं. "हे घ्या. यात शहरातली दारं माणूस मनापासून हसला तरच उघडतात. आई गेलेल्या एका मुलीला स्वतःच्याच घरात जाता येत नाही."

"अरे देवा!"

"शेजारपाजारचे तिच्यासाठी खिडक्या उघड्या ठेवतात. वाचा तुम्ही. रडू आलं तर फोन करा मला... म्हणजे, पुस्तकाबद्दल बोलायला." आणि दुकानाच्या कागदी पिशवीवर आपला नंबर लिहिता लिहिता तो कानापर्यंत लाल झाला.

रडू आलं. तिनं फोन केला.

तो श्रुतिकांच्या, म्हणजे नुसत्या ऐकायच्या नाटकांच्या, स्टुडिओत आवाज तयार करायचं आणि टिपायचं काम करायचा. कागद चुरगाळून तो आग पेटवायचा, ओला रुमाल पिळून माणसाला चिखलातून चालवायचा. सगळे त्याला साउंडवाला म्हणत. बिट्टी आदरानं साउंडवाले म्हणायला लागली, मग नुसतंच 'अहो' म्हणायला लागली. आपण असं म्हणतोय हे घरी वहिनीनं चिमटा काढेपर्यंत तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

"आजसुद्धा जग बुडवायला चालल्या का बाईसाहेब?" वहिनी विचारायची. "केसबीस विंचरून?"

पुलाजवळच्या चहाच्या दुकानात ते भेटत. तो नेहमी भिंतीला डावा खांदा लावून बसायचा आणि तिला उजवीकडची खुर्ची द्यायचा. एकेका कादंबरीवरून त्यांची जुंपायची. एकीत समुद्र शहरात शिरलेला असतो आणि पोस्टमन वरच्या मजल्यांवरची पत्रं होडीतून वाटतो. बिट्टीला पोस्टमन आवडला, त्याला होडी. दुसरीतले पक्षी नाहीसे झालेले असतात. म्हणून सरकार पहाटे शीळ घालायला माणसं नेमतं. त्यांतल्या एका म्हाताऱ्याला एके दिवशी झाडातून उलट शीळ ऐकू येते. ते सांगताना साउंडवाल्याचा आवाज असा हलला की बिट्टीला त्याच्या हातावर हात ठेवावासा वाटला. तिनं साखरेचा डबा सरकवला.

"एवढी भीतीदायक पुस्तकं आवडतात तरी कशी तुम्हाला?"

"पुस्तक मिटतो ना, त्या क्षणासाठी." तो हसला. "खिडकीतून बघावं, तर समुद्र जागच्या जागी असतो. दार नुसतं ढकललं तरी उघडतं. झाडावर कावळे भांडत असतात. हुश्श होतं एकदम!"

त्या संध्याकाळी बिट्टीला एक गोष्ट पक्की कळली. आपल्याला या कादंबऱ्या आवडायला लागल्या नव्हत्या. हा माणूस आवडायला लागला होता. बरं, कादंबऱ्याही थोड्या थोड्या.

लेख पुरा झाला त्या दिवशी ते पुलावरून चालत होते. वारा सुटला होता. समोरून मुलांचा घोळका आला म्हणून बिट्टी बाजू बदलून त्याच्या डावीकडे गेली. पुलाच्या मध्यावर तिनं कठडा घट्ट धरला, पाण्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "लेख संपला तरी... मला तुम्हाला भेटत राहायचंय. नेहमी. कळतंय ना, मी काय म्हणतेय?"

तो पाण्याकडेच बघत राहिला.

 

"वारा फार आहे," तो म्हणाला. "चला, निघू या."

घरी येऊन तिनं उशीत तोंड खुपसलं. वहिनी शेजारी येऊन बसली, पाठीवरून हात फिरवत राहिली. "नाही म्हणाला?" तिनं शेवटी विचारलं.

"काहीच म्हणाला नाही गं. वारा आहे म्हणाला!"

"मेला!" वहिनी मनापासून म्हणाली.

त्यानंतर त्याचे फोन आले तर बिट्टीनं 'कामात आहे' म्हणून ठेवून दिले. लेख छापायला जायच्या आदल्या दुपारी तो कचेरीच्या दारात उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"काही चुकलं का माझं?"

"छे. तुमचं कसलं चुकतंय?" तिनं पर्स उचलली आणि तरातरा रस्त्यावर आली. तो मागोमाग. डावीकडून एक मालाची सायकल घंटी बडवत येत होती. सगळा रस्ता बाजूला झाला. साउंडवाला सरळ सायकलीच्या वाटेत पाऊल टाकायला निघाला.

बिट्टीनं त्याची बाही पकडून असा हिसका दिला की शिवण उसवली. सायकल सर्रकन निघून गेली.

"ऐकू येत नाही का तुम्हाला?" ती ओरडली.

तो पांढराफटक पडला. मग अगदी हळू म्हणाला, "नाही. डाव्या कानानं नाही येत."

दोघं बंद दुकानाच्या पायरीवर बसले. तो सांगत गेला. गेले काही आठवडे कान बधिर होता. स्टुडिओत तो एकाच कानावर रेटून नेत होता, कुणाला पत्ता लागू न देता.

"डॉक्टरांकडे गेलात?"

"नाही."

"का पण?"

"गेलो की ते खरं होईल. आज डावा, उद्या उजवा. मग काम जाईल. आणि मग... अर्ध्या बहिऱ्या माणसानं कुणाला काय विचारायचं? मनात होतं, पण धीरच झाला नाही."

बिट्टी त्याच्याकडे बघत राहिली. पूल. वारा. डावी बाजू... म्हणजे ऐकलंच नव्हतं यानं! छातीवरचा दगड उतरला, आणि लगेच दुसरा चढून बसला : याचा कान खरंच गेला असला तर?

"उठा," ती म्हणाली.

"कुठे?"

"डॉक्टरांकडे. सगळ्या जगाचा शेवट तुम्हीच ठरवणार का?"

कानाच्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, कपाळावर दिवा बांधलेल्या. त्यांनी कानात डोकावलं, आणखी जवळून डोकावलं, मग सुस्कारा सोडला. बिट्टीनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"काड्या घालता कानात?"

"हो... साफ राहावा म्हणून. हेडफोन असतो ना दिवसभर."

"तरीच. मळ आत लोटून लोटून बूच बसवलंय तुम्ही. वर काडीवरचा कापूसही आतच ठेवलाय, आठवण म्हणून."

"म्हणजे... मी बहिरा होत नाहीये?"

"तुम्ही फक्त अति स्वच्छ आहात."

बिट्टीला हसू फुटलं. ती हसली, हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि मग तोही हसायला लागला. कापूस निघाला, कोमट पाण्याची पिचकारी झाली, मग तपासणीच्या खोलीतले बारीक आवाज त्यानं दोन्ही कानांनी ओळखले. "ठणठणीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काड्या तेवढ्या फेकून द्या."

बाहेर आल्यावर तो जागच्या जागी थांबला. रस्ता केवढा बोलत होता! कुणाच्या चपला फटफटत होत्या, वरच्या मजल्यावर कुणीतरी भांडी घासत होतं. बिट्टी मुद्दाम त्याच्या डावीकडे जाऊन उभी राहिली.

"पुलावर तुम्ही काही बोलला होतात का?" त्यानं विचारलं. "मला वाटलं होतं, पण विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तर कान उघडा पडला असता."

"असेन बोलले." तिनं नाक उडवलं. "एकदा बोलले तेवढं पुरे. मी पुन्हा नाही बोलणार."

"बरं. मग मी बोलतो." तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "दुकानात तुम्ही हसलात ना, तेव्हापासून मला तुम्ही हव्या आहात. लेखासाठी नाही, पुस्तकासाठी नाही. रोजच्यासाठी. माझ्याशी लग्न कराल?"

शेजारून जाणारे एक आजोबा चक्क थांबले.

बिट्टीनं उसवलेली बाही हातात घेतली. शिवण नीट जुळवत, त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "आधी घरी चल. वहिनी तुला चार शब्द सुनावणार आहे... ते ऐकून घे. मग सुई-दोरा मागू तिच्याकडे."

"मला 'तू' म्हणालीस," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "आणि लग्नही करीन."