आजोबांना मधोमध घ्या!

"आमच्या आजोबांच्या निधनाचे कागद तुम्हीच छापलेत ना?" झेरॉक्सच्या दुकानात शिरतानाच मी ओरडले.

काउंटरमागचा तरुण दचकला. "हो... मीच. लुबेन. काही चुकलं का?"

"चुकलं?" झाडावरून फाडून आणलेला कागद मी त्याच्यापुढे आपटला. आजोबांच्या नावातलं 'स्तामेन' डाव्या टोकाला, 'इलिएव' उजव्या टोकाला – मधून बैलगाडी जाईल! "गल्लीला वाटतंय दोघं गेले! शेजारचे इलिएवकाका पाव आणायला गेले, तर बेकरीवालीनं किंकाळी फोडली. आता ते तिथल्याच पायरीवर बसून शिव्या घालतायत. जिवंत!"

"पण दोन्ही कडा कशा सरळ आल्यात, बघा ना..."

"कडा घाला चुलीत! आज आजोबांचा चाळिसावा दिवस आहे. थोड्या वेळानं आजी चर्चला निघेल. रिवाजाप्रमाणे दारांवर, झाडांवर, बसस्टॉपवर हेच लावलंय. तिनं पाहिलं तर..." मला रडू फुटलं. त्या रडण्याचाही राग आला.

त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि कीबोर्ड पुढे ओढला. मी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"दोन्ही कडा जुळवणारं 'जस्टिफाय' ठेवून शिफ्ट-एंटर मारलंत ना? मग दोन शब्दांची ओळसुद्धा ताणली जाणारच! सगळं सिलेक्ट करा. कंट्रोल आणि ई."

आजोबा टुणकन मधोमध आले. लुबेन हसला. गालाला खळी – आणखी एक संतापजनक गोष्ट!

मग जुन्या कागदांवर नवे चिकटवायला तो गोंदाचा डबा घेऊन पुढे, मी कागद घेऊन मागे.

"वाकडा लावलास!"

"झाडच वाकडंय, बाई!"

"बाई कुणाला म्हणतोस? रुमेना नाव आहे माझं!"

"रुमेना..." तो इतक्या हळू म्हणाला, की मी कागद उलटा धरला. गोंद माझ्या केसांत गेला. त्यानं बोटानं अलगद काढला... आणि माझ्याच केसांना दुसऱ्या बाजूला लावला. गाढव!

आमच्या दारावर शेवटचा कागद चिकटला, तोच दार उघडलं. काळा रुमाल बांधलेली आजी बाहेर आली. आजोबांच्या नावावरून तिनं हळूच बोट फिरवलं.

"छान दिसतायत," ती म्हणाली. मग लुबेनकडे वळली. "किती वर्षं झाली तुमच्या लग्नाला?"

"आजी! सकाळपासून फक्त भांडतोय आम्ही!"

"तेच ऐकत होते. मला वाटलं, बरीच झाली असतील."

लुबेननं गोंदाचे हात पँटला पुसले. "अजून नाही झालं, आजी," तो म्हणाला. "पण मी तयार आहे."

मला राग आला. इतका... की हसू लपवायला मी आजीच्या रुमालामागे तोंड खुपसलं.

"ही हो म्हणतेय," आजी त्याला म्हणाली.

मी नाही म्हटलं नाही.