उलटा पीळ

अप्पांनी विडी पेटवली नाही, नुसती बोटांत फिरवत ठेवली. चाळीच्या गॅलरीत बसलेली मुलं आपोआप सरकून जवळ आली.

"ही गोष्ट ऐकीव नाही हां," अप्पा म्हणाले. "या भिंतीपलीकडच्या माणसाची आहे. आणि आवाज हळू ठेवा. तो अजून जागा असेल."

भिंतीपलीकडे गुणाजी राहतो. लालबागच्या गिरणीत सूतखात्यात आहे. पाच वर्षांपूर्वी तो, बाबुराव आणि शिवा या तिघांनी एक बेत केला होता. दिवाळीची आठ दिवस रजा काढायची, भाऊच्या धक्क्यावरून बोटीने देवगडला जायचं आणि खाडीत होडी घेऊन नुसतं गरवायचं, गळ टाकून मासे पकडायचे. विकायला नाही, सुकवायला नाही. मजेसाठी. चाळीने त्यांची भरपूर टिंगल केली.

"काय साहेब, टोपी घेतली का उन्हाची?" कोणी विचारायचं.

"मासे तुमची वाट बघून म्हातारे झाले असतील," गुणाजीची बायको जाईबाई त्याला म्हणायची.

पण शिवाने कागदावर सगळी यादी लिहिली होती. वर तिघांची नावं, खाली गऱ्या, शिसं, कंदील, तांदूळ. तो कागद गुणाजीच्या खोलीत खिळ्याला अडकवलेला असायचा.

गरीचे दोरही त्यांनी स्वतःच वळले, सुताचे. वीस वाव लांबीचा दोर एकट्याला वळता येत नाही. एकाने टोक घट्ट धरायचं, दुसऱ्याने पीळ घालत मागे जायचं. धरणाऱ्याने वळणारा 'सोड' म्हणेपर्यंत टोक सोडायचं नाही, नाहीतर सगळा पीळ उलगडून जातो. शिवा डावरा होता. त्याच्या दोराला पीळ उलटा पडायचा. सूतखात्यातला माणूस अंधारात नुसतं बोट फिरवून सांगेल, हा शिवाने वळलाय म्हणून.

शिवाचा दोर अर्धा झाला होता. उरलेलं सूत रिळावर होतं. आणि जानेवारी छप्पन्नमध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या गोळीबारात, लालबागच्या नाक्यावर शिवाला गोळी लागून तो जागीच गेला.

बेत बारगळला. पण दिवाळी जवळ आली तसा बाबुराव म्हणाला, "त्याच्यासाठी तरी जाऊया रे." गुणाजीचा मेहुणा रामजी यायला तयार होताच. गुणाजीने दोन पुरे दोर आणि शिवाचा अर्धा दोर रिळासकट वरळी कोळीवाड्यात सुंदराबाईकडे दिला. ती जाळ्यांबरोबर दोरही झाडाच्या सालीच्या काढ्यात मुरवून द्यायची, म्हणजे खाऱ्या पाण्यात कुजत नाहीत.

शनिवार, सत्तावीस ऑक्टोबर. पाच दिवसांनी द्विभाषिक राज्य सुरू होणार होतं, नाक्यानाक्यावर काळे झेंडे लागले होते. संध्याकाळी निघताना गुणाजीने खिळ्यावरचा कागद उतरवला. पेन्सिलने शिवाच्या नावावर आडवी रेघ मारली. वर लिहिलं, रामजी, आणि कागद परत अडकवला. मग दोर आणायला वरळीला गेला.

कोळीवाड्यात पोचला तेव्हा रात्रीचे पावणेनऊ झाले होते. चंद्र उगवायला अजून तीनेक तास होते. सुंदराबाईने दोन दोर काढून दिले. लालसर, कडक, छान मुरलेले.

"आणि तिसरा, मावशी?"

"तो नेला ना तुज्या दोस्तानं. अर्धाच हाय म्हनाला, पुरा करायचाय."

"कुठल्या दोस्तानं? बाबुराव आला होता?"

"बाबुराव कोन? तो डावरा रं. तुज्यासंगं यायचा तो. कवाचा खडकावर बसलाय तुजी वाट बघत." ती जाळं आवरू लागली. "बारीक झालाय लय. खायला घाल त्याला."

शिवा गेल्याचं तिला माहीतच नव्हतं. गुणाजीने तिला सांगितलंही नाही. कोणीतरी थाप मारून दोर पळवलाय, असं त्याने मनाला बजावलं. सुकत घातलेल्या बोंबलांच्या ओळींमधून तो खडकाकडे गेला.

भरती लागली होती. शेवटच्या खडकावर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. खांदे हलत होते. वळणाऱ्याचे हलतात तसे.

"कोण आहे रे?"

पायाशी काहीतरी सरपटत आलं. दोराचं टोक.

"धर."

आवाज ओळखीचा होता. गुणाजी वाकला. त्याला वाकायचं नव्हतं. पण शिवा होता तोवर त्याने हेच केलं होतं. शिवा म्हणायचा 'धर', आणि तो धरायचा. हात सवयीने गेला.

दोर ताणला गेला. तळहातात पीळ फिरू लागला.

उलटा.

खडकावरचं ते उठलं. पीळ घालत लांब जाऊ लागलं. पुढे पाणी होतं. ते पाण्यात गेलं. गुडघ्याएवढं. कमरेएवढं. पाण्याचा आवाज नाही झाला. पीळ चढत होता. दोर आखडत होता. गुणाजी एक पाऊल पुढे ओढला गेला. मग दुसरं. चप्पल निसटली. पाणी घोट्याला लागलं.

सोडायचं होतं. मूठ उघडेना.

"शिवा... पुरे ना."

पीळ थांबला नाही. गुडघ्यापर्यंत पाणी. मांडीपर्यंत.

"शिवा, घरी पोर आहे रे माझं..."

नुसता दोर. घट्ट... अजून घट्ट.

मग गुणाजीला पेन्सिलची रेघ आठवली.

"मी... मी खोडलं तुझं नाव," तो म्हणाला. "चुकलो. परत लिहितो. रामजी नाही येणार. आपण तिघंच. शिवा... आपण तिघंच जाऊ."

दोर थांबला.

लाटही थांबली असं त्याला वाटलं.



"सोड."

मूठ उघडली. गुणाजी मागे न बघता पळाला. अनवाणी, थेट लालबागपर्यंत. खोलीत शिरून त्याने आधी कागद उतरवला, रामजीचं नाव खोडलं आणि शिवाचं पुन्हा लिहिलं.

पहाटे जाईबाईने त्याला हलवलं. "अहो, हा ओला दोर कधी आणलात? सगळी जमीन भिजलीय."

कागदाच्या खिळ्यावर दोर लटकत होता. पुरा वीस वाव. टोकापासून टोकापर्यंत उलटा पीळ.

अप्पा थांबले. मुलांतल्या दुर्गाने हळूच विचारलं, "मग ते गेले का, अप्पा?"

"गेले की. तिकिटं तीन काढली. रामजी अजून बोलत नाही गुणाजीशी." अप्पांनी विडी कानावर ठेवली. "शिवाचा दोर होडीच्या काठाला बांधला होता. येताना परत आणला. खिळ्यावर टांगला."

"अजून आहे?"

अप्पांनी भिंतीकडे बघितलं. पलीकडून बारीक आवाज येत होता. एक थेंब. मग बऱ्याच वेळाने दुसरा.

"चार वर्षं झाली," अप्पा म्हणाले. "जाईबाईने त्याच्याखाली वाटी ठेवलीय. रोज सकाळी ओतून टाकते. एकदा मला चाखायला दिलं होतं."

"कसं लागलं?"

"खारं."