मांडवात धरलेली टाळी

या, जवळ सरका. सतरंजीची ही कड रिकामीच आहे, बसा टेकून. गोष्ट दोन जिवांच्या प्रीतीची आहे, गोड आहे. पण मधेमधे माझा आवाज चढेल, तेवढं सांभाळून घ्या. काही गोष्टी शांतपणे सांगताच येत नाहीत.

साखरखेर्ड्याची दीपमाला. बुलडाण्याला मानसशास्त्रात एम.ए. करणारी पोर. चालायची नाकासमोर, आणि राग आला की तोही नाकावरच. तिला लघुप्रबंध लिहायचा होता. मन जड झालेलं माणूस आपल्या भागात कुणाकडं जातं, समुपदेशक त्याच्याशी कसं बोलतो, ओझं हलकं होतं का, हे तिला बघायचं होतं. म्हणून एका मंगळवारी ती लोणार तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात येऊन ठेपली. कुठला दवाखाना ते सोडा.

'समुपदेशन कक्ष' अशी पाटी होती, आणि पाटीखाली कुलूप. खिडकीतून पाहिलं तर आत छतापर्यंत सलाईनची खोकी. माणसाच्या मनाला सरकारनं एक खोली दिली, आणि तीही खोक्यांनी बळकावली... दीपमालेच्या कानशिलांपर्यंत राग गेला.

औषधाच्या खिडकीजवळ एका आखूड बाकावर आभाळी सदऱ्यातला एक तरुण हरभऱ्याचे घाटे सोलत बसला होता. भोवती दोन-तीन बाया, त्याही सोलत होत्या.

"काहो, ते समुपदेशक साहेब कुठी उलथले?"

"उलथले नसतील," तो मान वर न करता म्हणाला. "इथीच असतील कुठी."

"कुलूप लावून?"

"आत खोकी राहतात. साहेब बाहेर राहतात." आता त्यानं वर पाहिलं. डोळ्यांत हसू होतं, पण ओठांवर येऊ दिलं नव्हतं. "घ्या, कवळा हाय."

"मी घाटे खायले नाही आली. मी संशोधन कराले आली."

"मंग तं घ्याच. लंबं काम दिसते."

एक बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "पोरी, ज्याच्यावर चिडून राह्यली, त्याच्याच हातचे दाणे घेऊन राह्यली."

दीपमालेनं खाली पाहिलं. तळहात कधी पुढं झाला होता, तिचं तिलाच कळलं नव्हतं. हिरवेगार दाणे... आणि त्याच्या बोटांचा जरासा ओला स्पर्श.

तो प्रसेनजित. तोच समुपदेशक.

"त्या पाटीखालून कोणी आत गेलं का," त्यानं नंतर सांगितलं, "संध्याकाळपर्यंत गावात बोभाटा होते, याच्या डोक्यात फरक पडला म्हणून. बाकावर बसलं तं औषधाच्या लाइनीतलंच वाटते. अन् घाटे सोलताना माणूस मान खाली घालते. मान खाली असली का बोलणं निघते."

दीपमाला दर मंगळवारी येऊ लागली. प्रश्न विचारायची, लिहायची, आणि लिहिता लिहिता त्याच्या मनगटावरच्या सैल घड्याळाकडं बघत राहायची.

"माझ्या प्रबंधात तुम्ही सहभागी क्रमांक एक," ती म्हणाली.

"दोन कोण हाय?"

"दोन कोणीच नाही अजून."

"मंग ठीक हाय."

ती लाजली, आणि लाजली म्हणून चिडली. "हे पाहा, संशोधन करणाऱ्याले सहभागीपासून अंतर ठेवा लागते. नियम हाय."

"किती?"

"बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत."

तो गुमान टोकाला सरकला. "बाकच आखूड हाय, मॅडम. माझा इलाज नाही."

त्या बाकावर एक बाई यायची. ती कोण, तिचं दुःख काय, हे मी सांगणार नाही. तुम्ही विचारलंत तरी नाही. प्रसेनजितनं तिला आधी विचारलं होतं, "ही पोरगी बसली तं चालते का, मावशी?" बाईनं दीपमालेला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तू म्हणतं तं बसू दे तिले." एवढ्या भरवशावर दीपमालेच्या प्रबंधाचा सगळ्यात चांगला भाग उभा राहिला. तिनं नाव बदललं, गाव बदललं. पण तिचे मार्गदर्शक भालचंद्र सर म्हणाले, "कोरडं वाटतंय. घर दिसू दे, अंगण दिसू दे." मोठं माणूस, सभा गाजवणारं. तिनं ऐकलं. बाईच्या दारातली एक वस्तू लिहिली. तुम्ही समजा, ट्रॅक्टरच्या जुन्या टायरात लावलेली तुळस. ती नव्हती बरं का, मी मुद्दाम खोटं सांगते आहे. पण तशीच काहीतरी, गावात एकाच दारात असणारी.

आता पुढचं ऐका, आणि रागवा.

माघात त्या बाईच्या गावी हरिनाम सप्ताह होता. प्रसेनजितनं मंडळींकडं जाऊन विनंती केली, दुपारच्या प्रवचनाआधी अर्धा तास मनाच्या आरोग्यावर बोलायला द्या. मंडळींनी दिला. बोलायला कोण? दीपमालेनं हौसेनं भालचंद्र सरांचं नाव सुचवलं.

अहो, सप्ताहाचा मांडव म्हणजे काय! सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत तिथं. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, भुईला लागत नाही. भांडण करून आलेलं माणूस तिथं टाळ हातात घेतं आणि भांडण विसरतं. मी आयुष्यभर तिथून पोट भरून घरी गेले आहे. त्या जागी उभं राहून सरांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि म्हणाले, "एक गंमत सांगतो. नाव बदलून सांगतो हं. आपण तिला गंगूबाई म्हणू."

माणसं हसली. सर रंगात आले. गंगूबाई काय बोलते, गंगूबाई रात्री काय करते, अशा नकला सुरू झाल्या. आणि मग अंगण आलं. अंगणात ती वस्तू आली.

बायांच्या बाजूनं एक मान वळली. मग दुसरी. गावात नावानं कोण ओळखतं कुणाला? दारावरूनच ओळखतात. तिसऱ्या रांगेतली ती बाई तशीच बसली होती, फक्त पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला.

दीपमालेला वाटलं, ओरडावं का, सर, थांबा म्हणून? पण ओरडलं की ज्यांना कळलं नव्हतं त्यांनाही कळणार, की खरीखुरी बाई इथंच बसली आहे. पलीकडं पुरुषांत प्रसेनजित अर्धा उठलेला, त्याचीही तीच पंचाईत.

दीपमालेचं घर बुद्धविहाराच्या आळीतलं. पण साखरखेर्ड्यात वाढलेल्या पोरीच्या कानावर सप्ताहाचे गजर लहानपणापासूनच होते. एकदा गजर उठला की त्यावर कुणी बोलत नाही, मग तो कितीही मोठा असो, हे तिला ठाऊक होतं.

ती उठली. टाळी धरली.

"विठ्ठल... विठ्ठल..."

आवाज चिरका निघाला, एकटा. वीणेकरी तुळशीराम बाबांनी तिच्याकडं पाहिलं. कशासाठी, हे त्यांना कळलं नाही. पण उठलेला गजर एकटा सोडायचा नाही ही त्यांची रीत. त्यांनी तार छेडली. टाळकऱ्यांनी उचललं, मृदंग घुमला, सगळा मांडव उभा राहिला. सर हात हलवत राहिले, त्यांच्या तोंडाची नुसती हालचाल दिसत होती. आणि त्या उभ्या गर्दीतून ती बाई वाकून, कुणाच्या नजरेत न येता, निघून गेली.

मांडवामागं पाण्याच्या टँकरजवळ सरांनी तिला अडवलं. "हा काय पोरकटपणा? मी नाव बदललं होतं."

"सर, अंगण नाही बदललं."

"ते तूच लिहिलंस ना?"

ते खरंच होतं. दीपमाला म्हणाली, "हो. माझं चुकलं. तो भाग मी काढून टाकते."

"मग उरलं काय? यंदा पास होणं विसर."

"विसरली," ती म्हणाली.

प्रसेनजित तिथंच उभा होता. तिला वाटलं, आता हा एखादा धीराचा शब्द बोलेल. बोलला, पण कसला. "तिनं तुम्हाले बसू दिलं ते माझ्या शब्दावर. आता मी कोणत्या तोंडानं बोलावू तिले?" आणि निघून गेला.

मंगळवार आला, बाई आली नाही. दीपमाला आली, वही-पेनाशिवाय. बाकाच्या टोकाला बसली. पुढच्या मंगळवारीही तसंच. दोघं एकमेकांवर चिडलेले आणि त्याहून जास्त स्वतःवर.

"काऊन येता?" एकदा त्यानं विचारलं. "प्रबंध तं गेला."

"माफी मागाची हाय तिची. तुमची नाही. तुम्ही फुगून बसा."

"अर्धा तास मीच मागितला होता मांडवात," तो हळूच म्हणाला. "माझी बी चूक हाय. तुमच्यावर काढली."

 ती टोकावरून जराशी आत सरकली.

घाट्यांचे दिवस सरत आले तेव्हा बाई आली. औषधाच्या रांगेतून सरळ बाकाकडं, आणि दोघांच्या मधोमध बसली. दीपमालेनं हात जोडले.

"राहू दे," बाई म्हणाली. "चूल पेटली का घर लोकायच्या तोंडी जातेच. पण टाळी कोनं धरली, ते मी पाह्यलं. तू उठली म्हणून मले निघता आलं." मग घाट्यांची जुडी मांडीवर ओढली. "सोला. आज मले लय बोलाचं हाय."

ती बोलली. मनसोक्त बोलली. काय, ते त्या बाकालाच ठाऊक. उठताना मात्र म्हणाली, "आता मी मधातून उठते. जागा झाली. उपेग करा."

ती गेली. मधे मोकळा बाक, त्यावर टरफलं.

"एक विचारू?" प्रसेनजित म्हणाला. "तुमचा नियम... संशोधन चालू असल तवरच ना?"

"हाव."

"अन् ते तं बंद पडलं."

"पडलं. आता पुढच्या साली नवीन विषय घेईन. नवीन मार्गदर्शक." तिनं टरफलं एकेक वेचायला घेतली. "काऊन?"

"नवीन विषयात मले नका घेऊ."

तिचे हात थांबले. "बरं. अन् मंग... कुठी घेऊ?"

तो हसला, या वेळी ओठांवरसुद्धा. सोललेले दाणे त्यानं तिच्या तळहातावर ठेवले, आणि हात मागं घेतला नाही. तिनंही.

पुढच्या माघाआधी साखरखेर्ड्याच्या विहारात दोघांचा मंगलपरिणय झाला. पांढऱ्या लुगड्यांच्या गर्दीत ती बाईही होती. कुठल्या रांगेत, ते मी नाही सांगत.

एवढंच मागते. संध्याकाळी दिवा लावाल, हात जोडाल, तेव्हा त्या बाईची आठवण काढा. नाव विचारू नका. दारावरून शोधू नका. नुसतं म्हणा, ती जिथं असेल तिथं तिचं बोलणं ऐकणारं कुणीतरी शेजारी बसलेलं असो.