पेटीच्या बुडाची टेप

दवाखान्यातून फोन आला आणि औषधांच्या शीतगृहात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. इन्शुलिन गढूळ निघालं होतं. एका लहान मुलीला त्यातले दोन डोस दिले होते, तरी तिची साखर उतरत नव्हती.

मॅनेजरने परत आलेली पेटी टेबलावर आदळली. "शिक्का तुमच्या सुनेचा आहे, मावशी."

मावशी पॅकिंगच्या मुख्य होत्या. सून भिंतीला टेकून उभी होती.

"आई, शपथ घेते, माल चांगला होता!"

"वाटेत ऊन लागलं असेल," मावशी म्हणाल्या.

"ऊन लागलं की आतलं तापमानाचं कार्ड लाल होतं. हे पांढरं आहे. म्हणजे हिनेच खराब माल भरला."

मावशींनी पेटी उलटी केली. वर पांढरी टेप होती, बुडाला तपकिरी.

"पेट्या कुठे बंद करतेस गं?"

"शीतगृहातच. खालीवर पांढऱ्या टेपने."

"तपकिरी का नाही?"

"गारठ्यात ती धरत नाही. लगेच टोकं सुटतात."

मावशींनी तपकिरी टेपेत नख घातलं. टेप हलेना. जोर लावला, तर पुठ्ठ्याचा पापुद्राच निघून आला.

"काल पेट्या बाहेर कोणाच्या ताब्यात होत्या?"

"गाडीला उशीर झाला, म्हणून ओट्यावर होत्या. साहेबांनी मला घरी पाठवलं."

मावशी मॅनेजरकडे वळल्या.

"ही टेप इतकी घट्ट बसली, म्हणजे पुठ्ठा तापलेला होता. साहेब, पेट्या उन्हात राहिल्या, कार्डं लाल झाली. वरचा शिक्का मोडू नये म्हणून तुम्ही बुडं उघडून नवी कार्डं घातली आणि हाताला लागली ती टेप मारली. कार्डांच्या कपाटाची किल्ली फक्त तुमच्याकडे असते."

मॅनेजर खुर्चीत बसला. "नोकरी गेली असती माझी..."

"आणि पोरीचा जीव? किती पेट्यांतली कार्डं बदललीत?"

"बाराच्या बारा."

सुनेने फोन ओढला आणि उरलेल्या अकरा दवाखान्यांना एकेक करून लावू लागली. "पेटी उलटी करून बघा. तपकिरी टेप असेल तर एकही इंजेक्शन देऊ नका!"

दहा दवाखाने झाले. अकरावा फोन उचलेना. मावशींनी पदर तोंडात धरला.

शेवटी नर्सचा आवाज आला. "थांबा, बघते." मग पेटी उलटी केल्याचा आवाज आला. "ताई... तपकिरीच आहे हो. सिरिंज भरून हातात घेतली होती. टाकून देते."

ताज्या औषधाने संध्याकाळी त्या मुलीची साखर उतरली. तोवर मॅनेजरला पोलीस घेऊन गेले होते.