कुंपणापासून मोजलेलं घर

"अहो, भिंतीतून काय चालताय!"

मी ओरडले, तसा तो एक पाय उचललेलाच थांबला. आमच्या रिकाम्या जागेवर मी फक्कीने खोल्या आखत होते — घर कसं होणार ते आईला दिसावं म्हणून — आणि हा अनोळखी माणूस सरळ स्वयंपाकघराच्या भिंतीतून आत!

"माफ करा," म्हणत तो मागे फिरला आणि पांढऱ्या रेघेत सोडलेल्या दारातून आत आला. तोही वाकून! माझं दार ठेंगणं असणार, हे त्याने परस्पर ठरवूनच टाकलं होतं.

"बांधकाम परवानगीच्या कार्यालयातून आलोय. जागेची पाहणी करायला."

माझं हसू जागच्या जागी विरलं. आमचा नकाशा ज्यांच्या हाती, ते साहेब हेच!

त्याने टेप काढली. दुसरं टोक मी धरलं.

"बाजूची मोकळी जागा कुठून मोजलीत?"

"कुंपणापासून."

"आणि कुंपण कुणी घातलं?"

"बाबांनी... ते होते तेव्हा."

त्याने टेपवरचा आकडा पुन्हा पाहिला. मग हळूच म्हणाला, "बाबांचा शेजाऱ्यांच्या जागेवरही जीव होता म्हणायचा. हद्दीच्या हातभर पलीकडे गेलेत."

हसावं की रडावं, कळेना. नकाशे काढणं हा माझा धंदा, आणि स्वतःच्याच घराचं माप मी कुंपणाच्या भरवशावर घेतलं! आता घर हातभर आत सरकणार, म्हणजे तळमजल्यावरची आईची खोली जाणार. तिच्या गुडघ्यांसाठी तर हा सगळा खटाटोप. भाड्याची जागा तिसऱ्या मजल्यावर, आणि तीही सोडा म्हणून घरमालक मागे लागलेला.

मी जिना फिरवला, खोली वाचवली, नकाशा पुन्हा दाखल केला. तो पुन्हा पाहणीला आला. मग काहीतरी विचारायला म्हणून अधूनमधून घरी येऊ लागला... ते फोनवरही विचारता आलं असतं. आई चहा द्यायची, तो तिच्या गुडघ्यांची चौकशी करायचा, आणि कप ठेवताना माझ्याकडे नको तेवढा वेळ बघायचा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

आणि एक दिवस कळलं — आमची फाईल त्याने स्वतःहून कार्यालयातल्या एका बाईंकडे सोपवली. बाई कामाला चोख, पण सगळं पहिल्यापासून तपासणाऱ्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कार्यालयाच्या जिन्यातच मी त्याला गाठलं.

"आमचं एवढं ओझं झालं होतं?"

"नाही हो..."

"मग नकाशात चूक आहे?"

"नकाशात काही नाही." त्याने कठडा घट्ट धरला. "ज्या घरी चहाला जायला मी कारणं शोधतो... त्या घराच्या नकाशावर मी सही कशी करू?"

माझा राग कुठे गेला, कुणास ठाऊक. कान मात्र गरम झाले.

"आधी सही करायची," मी पुटपुटले, "मग सांगायचं."

"मग तुम्ही हो म्हणाला असतात, तर ते मनापासून की उपकार म्हणून... मला जन्मभर कळलं नसतं."

"आणि बाईंनी नकाशा परत पाठवला तर?"

"तर मला काहीच करता येणार नाही. आता तुमच्यासाठी माझ्या हातात काही म्हणजे काही नाही."

मी त्याचा कठड्यावरचा हात हातात घेतला.

"हो," मी म्हणाले. "मनापासून."

संध्याकाळी आईला दोन्ही बातम्या एकदम सांगितल्या. ती बराच वेळ गुडघा चोळत बसली.

"घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, म्हणतात," ती म्हणाली. "तू दोन्ही एकदमच काढलंस होय?"

"आई, परवानगी लांबणार गं... तुला अजून जिने चढावे लागतील."

"चढेन की," आई म्हणाली. "माणूस सरळ आहे. हातचा घालवू नकोस."